पृष्ठांक कोणत्या प्रतीचा?

समीक्षालेखातील अवतरणाखाली दिलेला पृष्ठांक साहित्यकृतीचा नसतो, तिच्या एका विशिष्ट छापील प्रतीचा असतो, याचा संशोधनलेखांत वारंवार विसर पडतो आणि म्हणूनच लेखक, ग्रंथनाम व पृष्ठ हे तिन्ही तपशील अचूक असूनही वाचकाला मूळ वाक्य सापडत नाही. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्याने ‘श्यामची आई’ २०११ पासून अनेक प्रकाशकांनी आपापल्या आकारात व अक्षरजुळणीत छापली. अशा पुस्तकाबाबत नुसत्या ‘पृ. ८७’ने काहीच ठरत नाही. मात्र त्यातील बेचाळीस प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलेले असल्याने पृष्ठांकाबरोबर रात्रीचा क्रमांक दिला, तर कोणतीही प्रत हाती असलेला वाचक थोडीच पाने चाळून अवतरणापर्यंत पोहोचतो.

प्राचीन वाङ्मयात अध्याय व ओवी देण्याची प्रथा आहेच, पण तीही प्रतीपासून सुटलेली नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी आणि प्रचलित पाठ यांत ओव्यांचा क्रम व संख्या सर्वत्र जुळत नाही. तुकोबांच्या गाथेत तर अभंगांचा अनुक्रम संपादकागणिक बदलतो, त्यामुळे सरकारी गाथा की जोगमहाराजांची गाथा हे न सांगता दिलेला अभंगक्रमांक निरुपयोगी ठरतो.

मराठी प्रकाशनव्यवहारात पुनर्मुद्रणालाही सर्रास ‘आवृत्ती’ म्हटले जाते. पुनर्मुद्रणात जुनीच पाने पुन्हा छापली जातात, म्हणून पृष्ठांक टिकतात. नव्याने अक्षरजुळणी झाली की ते सरकतात, मग मुखपृष्ठामागच्या पानावर काहीही नोंदवलेले असो. म्हणून आवृत्तीच्या क्रमांकासोबत प्रकाशक व वर्षही द्यावे.

आता पृष्ठशोध बहुधा संगणकावरील स्कॅन प्रतींत होतो आणि तेथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे फाइलने दाखवलेला पानाचा आकडा तसाच उतरवणे. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेची पाने पुष्कळदा ‘पाच’, ‘सहा’ अशी अक्षरांत मोजून मजकुराला पुन्हा एकपासून आकडे दिलेले असतात, त्यामुळे फाइलचे पान व छापील पान यांत बराच फरक पडतो. दुसरी चूक शोधशब्दाची. १९६२च्या लेखननियमांनी व्युत्पत्तिजन्य, म्हणजे उच्चारात नसलेले पण शब्दाच्या मूळ रूपावरून लिहिले जाणारे, अनुस्वार गाळले. त्यापूर्वीच्या छपाईत ‘घरांत’, ‘केलें’ अशी रूपे आहेत. त्यामुळे आजच्या लेखनाने शोध घेतला की वाक्य ग्रंथात नाहीच, असा खोटा निष्कर्ष निघतो. यासाठी अनुस्वार न येणारा एखादा विरळा शब्द शोधावा आणि सापडलेले पान डोळ्यांनी वाचून पडताळावे.

सर्वांत गंभीर प्रकार उसन्या पृष्ठांकांचा आहे. दुसऱ्या समीक्षकाच्या ग्रंथातून अवतरण उचलून तळटीप मात्र मूळ ग्रंथाची देणे ही वाचकाची फसवणूक आहे आणि तिच्यामुळे एकाच्या हातून झालेली अंकाची चूक पुढच्या अनेक प्रबंधांत मुक्काम ठोकते. मूळ ग्रंथ पाहिला नसेल तर ‘उद्धृत’ असे नोंदवून ज्या पुस्तकातून अवतरण घेतले त्याचा पृष्ठांक द्यावा. ई-पुस्तकाला स्थिर पृष्ठे नसतील तर प्रकरण व परिच्छेदक्रमांक पुरे. आकडा अंदाजाने भरू नये.