घरात प्रिंटर आणताय? आधी शाईचं बोला!

रविवार, रात्रीचे पावणेदहा. कन्येच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टपकतो, ‘उद्या प्रोजेक्टसाठी पाच प्राण्यांचे रंगीत फोटो आणणे.’ माजिवड्याच्या नाक्यावरचा आमचा झेरॉक्सवाला साडेनऊलाच शटर ओढतो. तो उघडा असला तरी तिथे पोचायला हायवे आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक जिथे एकमेकांच्या अंगावर येतं, तो चौक पायी ओलांडायचा. बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तिथल्या तिथे घोषणा केली, ‘या महिन्यात प्रिंटर घेतोय!’

आई आतून म्हणाली, ‘घे बाबा. पण मागच्यासारखा नको.’

मागच्याची स्टोरी अशी. लॅपटॉपबरोबर एका ऑफरमध्ये तो जवळजवळ फुकटात मिळाला होता. दोन महिने जाम सही चालला. मग कार्ट्रिज संपलं. काळं आणि रंगीत मिळून बिल झालं ते नव्या प्रिंटरच्या किमतीच्या आसपास! त्यात आम्ही महिन्यातून एखादं पान काढणार. दरवेळी शाई वाळलेली, दरवेळी क्लीनिंग, आणि त्या क्लीनिंगमध्येच अर्धी शाई खलास. शेवटी मी बाहेरची स्वस्त शाई भरून आणली.

त्याच सुमारास बाबा गेले. भिंतीवर लावायचा फोटो मी घाईघाईत त्याच प्रिंटरवर काढला, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. बाल्कनीच्या बरोब्बर समोर, दुपारचं ऊन थेट येणारी ती जागा. वर्षभरात फोटोतला निळा उडाला, चेहरा तांबूस आणि फिका दिसायला लागला. आई एकदा हार बदलताना एवढंच म्हणाली, ‘पुसत चाललेत रे हे.’

त्यामुळे या वेळी ठरवलं, दुकानात जायच्या आधी फंडे क्लिअर करायचे. तुमच्याही कामाला येतील.

फंडा पहिला : आपण छापतो काय? मी महिनाभर फ्रिजवर कागद लावला आणि घरात कुणाला काय छापावं लागलं ते लिहीत गेलो. आधारची कॉपी, भाडेकरार, आईचे रिपोर्ट, शाळेचे प्रोजेक्ट, तिकिटं. फोटो? महिन्याभरात सात! म्हणजे ‘फोटो प्रिंटर’ ही आमची हौस होती, गरज नव्हती. तुमच्या यादीत नुसतीच काळी पानं असतील तर इंकजेटच्या भानगडीत पडूच नका, ब्लॅक अँड व्हाइट लेझर घ्या. त्यात शाई नसते, टोनरची पावडर असते. महिनाभर हात लावला नाही तरी ती वाळत नाही.

फंडा दुसरा : किंमत खोक्यावर नसते, शाईत असते. स्वस्त प्रिंटर आणि महाग कार्ट्रिज हा या धंद्याचा जुना हिशेब. छोटं कार्ट्रिज साधारण दोनशे पानांच्या घरात संपतं. रंगीत कार्ट्रिजमध्ये बहुतेक वेळा तीन रंग एकत्र असतात, त्यातला एक संपला की तिन्ही कचऱ्यात. याला कंटाळून लोकांनी बाहेरून बाटल्या आणि नळ्या लावायचा जुगाड काढला. इंडोनेशियात हा जुगाड इतका बोकाळला की एप्सनने २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर आणला. मग ते भारतातही आले आणि आज कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांकडे इंक टँक आहेत. मशीन घेताना जास्त पैसे जातात, पण काळ्या शाईची एक बाटली कंपनीच्या हिशेबाने चार ते सहा हजार पानं देते. अर्थात हा हिशेब नेहमीच्या ऑफिसछाप पानांचा. फोटोत पानभर शाई लागते, तिथे हे आकडे विसरा.

फंडा तिसरा : डाय की पिगमेंट? दुकानदाराला हे विचारा, तो तुमच्याकडे आदराने बघेल. डाय शाई कागदात मुरते, ग्लॉसी पेपरवर रंग झकास दिसतात, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं पसरतात. पिगमेंटचे बारीक कण कागदावर बसतात. ती पाण्याला आणि उन्हाला जास्त दाद देत नाही. बॅगेत कागद आणि डोक्यावर ठाण्याचा जुलै असेल तर काळी शाई पिगमेंट हवी. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय अशी जोडी असते. घरासाठी हे बेस्ट. सहा रंगांची फोटोवाली मॉडेल्सही मिळतात, त्यांत त्वचेच्या छटा जास्त मऊ येतात. पण फोटो हाच छंद किंवा धंदा असेल तरच तो खर्च वसूल होतो.

फंडा चौथा : हेडची तब्येत. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून शाई तापवून थेंब उडवायची कल्पना निघाली. कॅनन आणि एचपीचे घरगुती प्रिंटर याच तत्त्वावर चालतात. एप्सनमध्ये विजेने वाकणारा स्फटिक शाईला ढकलतो. आपल्याला फरक पडतो तो दुरुस्तीत. कॅनन, एचपीच्या बऱ्याच टँक मॉडेल्सचं हेड घरी बदलता येतं, एप्सनचं सहसा सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. क्लीनिंगची वाया गेलेली शाई आत एका स्पंजात साठते. तो स्पंजचा डबा आपल्याला बदलता येतो का, हेही घेण्याआधीच विचारा.

आता आमच्या घरातला खरा व्हिलन. रात्री झोपताना गॅस, नळ आणि भिंतीवरचे सगळे स्विच बंद करणं हा आईचा नेम. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की तो हेड कोपऱ्यात नेऊन रबरी टोपीखाली झाकतो. काम चालू असताना मधेच भिंतीवरून वीज तोडली तर हेड उघडंच राहू शकतं आणि शाई वाळते. म्हणून आता प्रिंटरवर चिठ्ठी आहे : ‘आधी हे बटण, मग तो स्विच.’ आणि आठवड्यातून एक रंगीत पान काढायचंच. ही ड्यूटी कन्येकडे. दर शनिवारी एक मांजर छापलं जातं.

फोटो काढताना आणखी थोडं सांभाळा. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, ए-फोर साइजला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो आवळला जातो, म्हणून मित्राला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. प्रिंट देताना सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडा, नाहीतर महागाचा कागद फुकट जातो. पावसाळ्यात कागद बंद पिशवीत ठेवा, दमट पानं अडकतात. आणि प्रिंट रात्रभर सुकू द्या, मग अल्बममध्ये लावा.

आम्ही शेवटी चार रंगांचा, स्कॅनर आणि वायफाय असलेला, पिगमेंट काळ्या शाईचा टँक प्रिंटर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमची यादी वेगळी, तुमचा प्रिंटर वेगळा. शाई मात्र कंपनीचीच भरतो, तो धडा भिंतीवरच शिकलोय.

बाबांचा फोटो? मूळ फाइल हार्ड डिस्कवर सापडली. दुकानदार म्हणाला, ‘नवा प्रिंटर आहे, घरीच काढा की!’ मी नाही काढला. अल्बमचे, प्रोजेक्टचे, फ्रिजवर लावायचे फोटो घरी. पण वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचा फोटो मी नौपाड्यातल्या लॅबमध्ये दिला. तिथे शाई उडवत नाहीत, फोटोच्या खास कागदावर प्रकाशाने छापतात. फ्रेम आता आतल्या भिंतीवर आहे, तिथे ऊन येत नाही.

परवा आई हार घालताना थांबली, नीट बघितलं आणि म्हणाली, ‘शर्टाचा रंग हाच होता बघ.’