हायब्रीड मोटारसायकल घ्यावी का?

टॅम्पिनीसमधील आपल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. मुलगा शिक्षण संपवून कामाला लागला, परवाना हाती आला, की मोटारसायकलचा विषय येतोच. त्यात आता ‘हायब्रीड’ या नव्या शब्दाची भर पडली आहे. मुलगा म्हणतो, पेट्रोल वाचेल. वडील किंमत विचारतात. आईला पैशापेक्षा रस्त्याची धास्ती अधिक. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली गाडी. परंतु या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिली सौम्य प्रकारची. यामाहाने भारतात २०२१ मध्ये फॅसिनो १२५ ही स्कूटर आणि मार्च २०२५ मध्ये १४९ सीसीची एफझेड-एस ही मोटारसायकल या प्रकारात आणली. यात गाडी सुटताना मोटर क्षणभर हातभार लावते आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते. नुसत्या विजेवर ही गाडी चालत नाही. दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने हायब्रीड. कावासाकीची निन्जा ७ हायब्रीड २०२३ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ४५१ सीसीचे इंजिन आणि ९ किलोवॉटची मोटर आहे, आणि थोडे अंतर ती केवळ विजेवर जाऊ शकते. मात्र तिचे वजन सव्वादोनशे किलोंच्या वर आहे. शिवाय ४०० सीसीच्या वरच्या इंजिनासाठी आपल्याकडे वर्ग २ चा परवाना लागतो. २बी आणि २ए या पायऱ्या चढल्याशिवाय तो मिळत नाही. नवशिक्या मुलासाठी ती गाडी नव्हेच.

मोटारींच्या बाबतीत हायब्रीडचा फायदा सर्वांनी पाहिला आहे. टोयोटाची प्रियस १९९७ मध्ये जपानात आली, आणि आज आपल्या टॅक्स्यांत हायब्रीडच जास्त दिसतात. मग जे मोटारीत साधले ते दुचाकीत का साधू नये? कारण सोपे आहे. मोटार जड असते. ब्रेक लावताना जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, ती हायब्रीड मोटार बॅटरीत साठवते आणि पुन्हा वापरते. दीडशे किलोंच्या आतल्या दुचाकीजवळ अशी वाया जाणारी शक्ती मुळात थोडी. एका लिटरमध्ये चाळीस किलोमीटर जाणारी गाडी आधीच काटकसरी असते. जिथे गळती कमी, तिथे बादली ठेवून पाणी किती साठणार? उलट बॅटरी, मोटर आणि तारांचे वजन व किंमत मात्र पदरी पडते.

आता पैशाचे बोलू. आपल्याकडे गाडीची खरी किंमत दुकानात ठरत नाही. मोटारसायकलला ड वर्गाचे सीओई लागते. ते दहा वर्षांचे असते आणि इंधन कोणतेही असो, बोली एकाच वर्गात लागते. २०१० च्या सुमारास ते दोन हजार डॉलरांच्या आत मिळत असे. २०२२ च्या अखेरीस त्याचा भाव १३,००० च्या वर गेला होता. हायब्रीडला यात सवलत नाही. त्यावर २०१७ पासून नोंदणीचे जादा शुल्क पायरीपायरीने लागते : गाडीच्या आयात किमतीच्या पहिल्या ५,००० डॉलरांवर १५ टक्के, पुढच्या ५,००० वर ५० टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १०० टक्के. म्हणजे नव्या तंत्रासाठी कारखान्याने जास्त घेतलेल्या प्रत्येक डॉलरावर आपण पुन्हा कर भरतो. मोठी गाडी असेल तर तो डॉलर दुप्पट होतो.

बचत किती? एक उदाहरण घेऊ. समजा, तरुण रोज कामावर जातो आणि वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालवतो. लिटरला ४० किलोमीटर धरले तर ३७५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचे ३ डॉलर धरल्यास खर्च १,१२५ डॉलर. सौम्य हायब्रीडने यात दहावा भाग वाचवला असे उदारपणे मानले, तरी वर्षाला ११२ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेनऊ डॉलरही नाहीत. सीओईच्या दहा वर्षांत ही रक्कम अकराशेच्या घरात जाते. करांसह किमतीतला फरक आणि मधेच बॅटरी बदलण्याचा खर्च मिळून अकराशेहून अधिक होत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा.

जो दिवसभर घरोघरी जेवण पोचवतो, त्याचा हिशेब वेगळा. वर्षाला ४५,००० किलोमीटर चालवणाऱ्याची बचत याच दराने ३३७ डॉलर होते. वारंवार थांबणे-सुटणे हेच त्याचे काम असल्याने हायब्रीडचा लाभ त्याला अधिक मिळतो. फरक माफक असेल तर त्याने जरूर विचार करावा. हायब्रीडची आणखी एक जमेची बाजू आहे : ती सहसा प्लगला लावावी लागत नाही. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला पूर्ण विजेवरची दुचाकी घेताना ती कुठे आणि कशी चार्ज करायची हे आधी पाहावे लागते. ही अडचण हायब्रीडवाल्याला नाही.

सरकारचे धोरण पाहता घाईचे कारणही दिसत नाही. २०३० पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारी आणि टॅक्सी स्वच्छ इंधनाच्या असाव्या लागतील. ती अट मोटारसायकलींना लावलेली नाही. सर्वच वाहने स्वच्छ इंधनावर यावीत हे उद्दिष्ट २०४० चे आहे. मात्र ज्यांच्या घरी १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेली जुनी फटफटी आहे, त्यांनी सावध असावे. ३० जून २०२८ नंतर ती रस्त्यावर आणता येणार नाही. अशा घरांनी बदलीची तयारी आतापासून करावी.

पुण्याचे नातेवाईक फोनवर सल्ला देतात, तो मायेचा असतो. बजाज ऑटोने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात फ्रीडम १२५ ही सीएनजी व पेट्रोल दोन्हींवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल बाजारात आणली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण तिथे गाडी घेताना दहा वर्षांचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागत नाही. तिथला हिशेब इथे लागू पडत नाही.

आमचे मत असे. रोजच्या कामासाठी दुचाकी हवीच असेल, तर लहान, साधी, सुटे भाग सहज मिळणारी पेट्रोलची गाडी आजही शहाणपणाची. किमतीत फारसा फरक नसेल तर सौम्य हायब्रीड घ्यायला हरकत नाही. निव्वळ बचतीच्या आशेने जादा पैसे मोजू नयेत. मोठी हायब्रीड ही हौस आहे. हौसेला आमचा विरोध नाही, पण तिला काटकसर म्हणू नये.

आणि आईच्या काळजीचे काय? तिला कोणतेही तंत्र उत्तर देत नाही. आपल्या रस्त्यांवरील अपघातांत मोटारसायकलस्वारांचा वाटा फार मोठा असतो, हे पोलिसांचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात. टॅम्पिनीसला रेल्वेच्या दोन मार्गिका आहेत. ज्याचे कार्यालय स्थानकाजवळ आहे, त्याने गाडी लागतेच का, हे आधी स्वतःला विचारावे. लागतच असेल, तर हायब्रीडसाठी ठेवलेल्या जादा पैशांतून चांगले हेल्मेट, चांगले टायर आणि पावसाचा पोशाख घ्यावा. घरातल्या तिघांचे एकमत होईल असा हाच एक खर्च आम्हांला दिसतो.