चिंता करू नका, हे कोणाला सांगितलं?

अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचं वर्ष बारा नव्हे, अकरा महिन्यांचं असतं. करार संपत आला की नवं भाडं, वाढीव डिपॉझिट, दलाली. त्यातच शाळेची फी आणि म्हाताऱ्यांची औषधं. अशा घरातली माणसं रविवारी मिस्सेला बसतात आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय कानावर पडतो. अन्नवस्त्राची काळजी सोडून पाखरांकडे, रानफुलांकडे पाहायला सांगणारा. ऐकायला गोड, जगायला अशक्य, असं अनेकांना वाटतं. मला वाटतं, चूक आपल्या ऐकण्यात आहे. मराठीत ‘तुम्ही’ हा शब्द एका माणसाला आदरानेही म्हणतात, त्यामुळे तिथलं अनेकवचन आपल्या लक्षात येत नाही. मूळ ग्रीकमध्ये ते निःसंशय अनेकवचन आहे. दानधर्माविषयी बोलताना येशू मध्येच एकेकट्याला ‘तू’ म्हणतो. चिंतेची गोष्ट मात्र तो साऱ्या मंडळीला सांगतो. त्याच अध्यायातल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही ‘माझी’ नव्हे, ‘आमची’. देव पुरवील हा भरवसा एका घराने दार लावून बाळगायचा नसून मंडळीने मिळून बाळगायचा आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

साष्टीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक समाजाच्या, गावठाणांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो: भाताची नवी कणसं वाजतगाजत देवळात आणायची, धर्मगुरूंनी ती आशीर्वादित करायची, मग घरोघर न्यायची. शेतं इमारतींखाली गेली तरी हा सण उपनगरांत टिकून आहे. भात पिकवणारा माणूस निष्काळजी नसतो. बियाणं राखून ठेवणं, बांध घालणं, वेळेवर लावणी करणं हे सगळं उद्याचाच विचार करून होतं. पण पाऊस आपल्या हातात नाही हेही त्याला ठाऊक असतं. म्हणून ‘देवावर भरवसा ठेवायचा तर बचत आणि विमा कशाला?’ हा प्रश्न मला लटका वाटतो. तजवीज करणं वेगळं आणि धास्ती घेणं वेगळं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो बायका-मुलींचा भार देवावर टाकला खरा. पण तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला.

याहून बोचरा आक्षेप लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मनात येतो. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ उभारायला घेतला. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण पुरुषाने उदार होऊन देऊन टाकायचं आणि चूल कशी पेटणार ही विवंचना बायकोने वाहायची, हे त्या संसारात पुन्हा पुन्हा दिसतं. स्वतःची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर सरकवली म्हणजे ती देवावर सोपवली असं होत नाही. उपनगरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती माणसाने आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ‘देव बघून घेईल’ म्हणणं याच जातीचं आहे. उघड्या-उपाशी भावंडाची नुसत्या शुभेच्छांवर बोळवण करणाऱ्याच्या विश्वासाला याकोबाच्या पत्राने मेलेला विश्वास ठरवलं आहे.

मग विश्वास ठेवणाऱ्यांवर संकट येत नाही का? येतं. अंधेरीच्या सीप्झमध्ये १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १८४० मध्ये साथ आली आणि तिथल्या लोकांना देऊळ सोडून मरोळला जावं लागलं. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची छाती माझ्यात नाही, कोणात असू नये. सहाव्या अध्यायाचा शेवटही प्रत्येक दिवसाला त्याचं दुःख असतंच हे मान्य करूनच होतो. श्रद्धेच्या बदल्यात भरभराटीची हमी देणारे प्रचारक नेमकं हेच गाळतात.

कोणी म्हणेल, मंडळीतल्या माणसांनीच एकमेकांचा भार उचलायचा तर देव कुठे राहिला? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वसईत १९१८ मध्ये मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था निघाली, तिची पुढे बँक झाली. अशा संस्थेत पहिला पैसा ठेवणाऱ्याला, किंवा धर्मग्रामाच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला महिन्याकाठी काही देणाऱ्याला, एक भीती ओलांडावी लागते: उद्या मलाच कमी पडलं तर? उपनगरात ही भीती मध्यमवर्गाला गरिबाइतकीच छळते, आणि पगार वाढला म्हणून ती जात नाही. तिथे हिशोब थांबतो आणि देवाची गरज लागते. मला दिसतं ते असं: ‘चिंता करू नका’ हे आधी ज्याच्याकडे दोन पैसे शिल्लक आहेत त्याला सांगितलेलं आहे, कारण त्याची मूठ सुटल्याशिवाय शेजाऱ्याचं डिपॉझिट भरलं जात नाही.