दाण्याला तेल सुटेपर्यंत

माझी भाची सहावीत आहे. शाळेतून पावणेपाचला घरी येते. आई-बाबा कामावरून यायला सात-साडेसात होतात. मधले दोन-अडीच तास ती घरात एकटी असते. एकटी असताना गॅस पेटवायचा नाही, असा त्यांच्या घरचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण शाळेतून आल्यावर पोटात कावळे ओरडतात, ते काही नियम ऐकत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, गॅस न लावता मला स्वतःला करता येईल असं काही आहे का गं? बिस्किटं सोडून?"

त्या "बिस्किटं सोडून"नं मला गलबलून आलं. रोज संध्याकाळी एकटीनं पुडा फोडून खायचा तिला कंटाळा आला होता. मग आम्ही दोघींनी मिळून पीनट बटर आणि ओट्सचे लाडू करायचं ठरवलं. हा खाऊ तिकडचा, 'नो-बेक' म्हणून ओळखला जाणारा. म्हणजे ओव्हन लावायचा नाही, सगळं कालवायचं आणि वळायचं. आपल्याकडे उपासाला दाण्याचं कूट आणि गूळ एकत्र कुटून लाडू वळतात, तीच ही रीत. त्यामुळे हात लगेच बसतो.

नवे असतात ते ओट्स. आपल्याकडे ओट हे रब्बीतलं चाऱ्याचं पीक. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' हा ओटचा वाण गाईगुरांच्या हिरव्या चाऱ्यासाठीच काढलेला आहे. डब्यातून मिळणारे चपटे ओट्स न शिजवता कसे खायचे, अशी शंका मलाही होती. पण दाणा सोलून, वाफवून, मग रुळांखाली दाबून ते तयार होतात. भात भिजवून, भाजून, चेचून पोहे करतात आणि ते आपण दहीपोह्यांत तसेच खातो ना? ओट्सचंही तसंच आहे. फक्त मसाला घातलेली पाकिटं घ्यायची नाहीत, साधे रोल्ड ओट्स घ्यायचे.

पीनट बटर मात्र घरीच करा, असं मी आग्रहानं सांगेन. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिल्मोर एडसन यांनी १८८४ मध्ये भाजलेल्या दाण्यांच्या लगद्याचं अमेरिकी पेटंट घेतलं. पुढे मिशिगनमध्ये डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी असाच पदार्थ केला. मुळात दाणे आणि फार तर मीठ, एवढंच त्यात लागतं. आता दुकानातल्या बरणीमागचं लेबल वाचा. पुष्कळदा साखर असते आणि तेल वर तरंगू नये म्हणून घातलेली घट्ट चरबीही. ज्या घरात आठवड्याला किलोभर दाणे भाजले जातात, त्या घरानं हे विकत का आणावं?

सगळी चव भाजण्यात आहे. लोखंडी कढई, मंद आच आणि वीस मिनिटं उभं राहायची तयारी. मोठ्या आचेवर दाणा वरून डागतो, आतून कच्चा राहतो आणि मग दाण्याच्या लोण्याला हिरवट वास येतो. आधी नुसता ऊन वास येतो, मग तडतड सुरू होते, मग साल चिमटीत सुटायला लागते. एक दाणा फोडून पाहायचा. आतून बिस्किटासारखा रंग आला की कढई उतरवायची. पूर्ण निवले की पंच्यात घेऊन चोळायचे आणि सुपात पाखडायचे. भाचीनं सूप पहिल्यांदाच हातात धरलं होतं. निम्मी सालं तिच्या केसांत गेली, पण चौथ्या झटक्याला तिला लय सापडली.

दाणे कढईत टाकण्याआधी निवडायला मात्र विसरू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशी दिसणारे दाणे सरळ फेकून द्यायचे. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि घरच्या भाजण्यानं ते पुरतं जात नाही. एखादा दाणा तोंडात कडू लागला तर तो थुंकायचा, गिळायचा नाही, असं माझी आई सांगायची. ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आता मिक्सर. अर्धं मिनिट फिरवलं की आपलं रोजचं कूट होतं. आणखी फिरवलं की ते भांड्याच्या कडांना चिकटतं, मग पात्याभोवती कोरडा, जडसा गोळा होतो. इथेच माझी चूक झाली. गोळा फिरेना, म्हणून मी दोन चमचे पाणी घातलं. तो आणखी घट्ट झाला, पुरणासारखा, आणि मग काही केल्या सैल होईना. कारण दाण्याचे बारीक कण तेलात मोकळे असतात तोवरच ते लोणी ओघळतं; पाणी मिळालं की कण ते शोषून एकमेकांना धरतात. पाव किलो दाणे गेले. दुसऱ्या खेपेला आम्ही पाणी घातलं नाही, थांबलो. दर अर्ध्या मिनिटानं मिक्सर बंद, कडा खरवडून खाली, भांडं गार होऊ द्यायचं, पुन्हा चालू. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, ते बाहेर यायला वेळ लागतो. पाचव्या-सहाव्या फेरीला गोळ्यावर चकाकी आली आणि बघता बघता तो ढासळून दाट, तपकिरी ओघ झाला. भाची झाकणावरून वाकून बघत होती. "आपण तेल घातलंच नाही, आणि तेल आलं!" असं ती तीनदा म्हणाली.

प्रमाण सोपं आहे. दोन वाट्या ओट्स, एक वाटी दाण्याचं लोणी, अर्धी ते पाऊण वाटी काकवी, चिमूटभर मीठ. तिकडे मध किंवा मेपल सिरप घालतात; मला काकवीच पसंत आहे, कारण गुळाचा खरपूसपणा दाण्याला शोभतो. आधी लोणी आणि काकवी नीट घोटून घ्यायची, मगच ओट्स. लगेच वळायला घेतलं तर लाडू फुटतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की ओट्स ओल पितात आणि मिश्रण मुठीत बसतं. सुपारीपेक्षा थोडे मोठे वळले तर वीसेक होतात. आवडीप्रमाणे तीळ, सुकं खोबरं, खजूर घाला. उपासाला ओट्स चालत नाहीत, तेव्हा राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. फार हलका लाडू होतो.

मुलाला दोन पुरेत. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण कॅलरीही साडेपाचशेच्या वर असतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नका. आणि शाळेच्या डब्यात देणार असाल तर मुलांना बजावून सांगा, की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मित्राला यातला घासही द्यायचा नाही.

सुट्टी संपून भाची घरी गेली. आता तिची आई रविवारी दाणे भाजून लोण्याची बरणी भरून ठेवते. विस्तव आणि मिक्सर मोठ्यांकडे, कालवणं आणि वळणं तिच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. परवा फोनवर म्हणाली, की आई-बाबांसाठी दोन-दोन लाडू ती झाकून ठेवते.

तुमच्या घरीही शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडणारं मूल असेल, तर या रविवारी अर्धा किलो दाणे मंद आचेवर भाजा आणि लाडू त्याला वळू द्या.