खांद्यावरचा भार आणि घरातला हात

मार्चअखेरचे दिवस. पेढीवर वर्षाचा ताळेबंद जुळवायचा असतो, उधारी वसूल व्हायची असते, बँकेचे हप्ते आणि जीएसटीची विवरणपत्रे एकाच वेळी दारात उभी असतात. सकाळी गादीवर बसलेला माणूस रात्री दुकान वाढवीपर्यंत बहुधा एकाच बैठकीत असतो; फोन मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला, डोळे वहीला किंवा संगणकाला लागलेले. सूर्यास्तापूर्वीचे जेवणही घाईत उरकले जाते. घरी आल्यावर तो एवढेच म्हणतो, "मान धरली आहे." मग बाम लागतो, वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच मान घेऊन तो पुन्हा गादीवर बसतो.

चिंता मनात उपजते हे खरे; परंतु तिचा मुक्काम मान, खांदे, जबडा, पाठ आणि पोट येथे असतो. तेथून तिला काही काळ तरी उठविण्याचे एक साधन प्रत्येक घरात आहे. ते म्हणजे माणसाचा हात. तो केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा थांबला पाहिजे, या दोन्ही गोष्टी मात्र नीट ठाऊक असाव्या लागतात.

चिंता अंगात कशी उतरते

संकट समोर येताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली ग्रंथरूपाने मांडले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी अॅड्रिनॅलीन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि स्नायू ताणले जातात. वाघ समोर आला तर ही तयारी काही क्षणांत खर्ची पडते. व्यापाऱ्यापुढचा वाघ निराळा असतो. महिनोन्महिने पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाशी लढता येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. स्नायू सज्जच राहतात. त्यांना सुटीचा हुकूम मिळत नाही.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारणतः साडेचार ते पाच किलो असते. ते पुढे झुकलेले राहिले की मानेच्या मागच्या स्नायूंवरील ताण कितीतरी वाढतो. मानेपासून खांद्यांपर्यंत पसरलेला मोठा स्नायू दिवसभर आखडलेला राहतो आणि त्यात दाबल्यास दुखणाऱ्या गाठी जाणवू लागतात. नकळत दात आवळले जातात, जबडा व कानशिले दुखतात. डोक्याला घट्ट फेटा बांधल्यासारखी जी डोकेदुखी होते, तिचे मूळही पुष्कळदा या ताणातच असते. रोजच्या रोज वेदनाशामक गोळ्या घेणे हा यावरचा उपाय नव्हे. त्यांच्या सततच्या वापराने जठरात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांवर भार पडतो. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी तर विशेष जपले पाहिजे.

हात काय करतो

त्वचेला दाब कसा कळतो, याच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्वचेत, विशेषतः केसाळ भागात, आणखी एका प्रकारचे मज्जातंतू असतात. हात सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने फिरला, तर ते सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. घाईघाईने रगडण्यापेक्षा संथ हात अधिक सुखावतो तो यामुळेच. त्याबरोबर श्वास खोल होतो, ठोके काहीसे मंदावतात, आणि सज्ज राहिलेल्या स्नायूंना विसाव्याची खूण मिळते.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकीय संस्थेने २०१७ साली नव्याने उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन केले. त्यात गोळ्यांच्या आधी शेक, मर्दन यांसारखे उपाय करून पाहावेत असे सांगितले आहे. मर्दनाच्या बाजूचा पुरावा मात्र फार भक्कम नाही, हेही त्यात नमूद आहे. तेव्हा अपेक्षा माफक ठेवावी. मर्दनाचा आराम काही तास, फार तर काही दिवस टिकतो. त्याने 'अंगातील विष' निघून जात नाही, आणि थकलेली उधारीही वसूल होत नाही. मात्र त्या रात्री झोप बरी लागते. पुरेशी झोप झालेला माणूस सकाळी गिऱ्हाइकाशी आणि घरच्यांशी अधिक शांतपणे बोलतो, हा लाभ लहान नाही.

जुनी ओळख

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येमध्येच अभ्यंग सांगितला आहे. तो नित्य करावा आणि मस्तक, कान व पाय यांवर विशेषेकरून करावा, असा त्याचा आशय आहे. अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, असेही तेथेच म्हटले आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात संयमी जनांच्या वैयावृत्त्यात पायांचे संवाहन, म्हणजे पाय चेपणे, स्पष्टपणे गणले आहे. थकलेल्या देहाला हाताने विसावा देणे ही सेवा आहे, हा विचार या समाजाला परका नाही.

पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्राइटन येथे वाफेचे स्नान आणि चंपी यांचे केंद्र चालविले. राजा चौथा जॉर्ज यांच्यापर्यंत त्यांची कीर्ती पोहोचली. आज केस धुण्याच्या द्रवाला जगभर 'शांपू' म्हणतात. तो शब्द मूळचा 'चांपो', म्हणजे 'दाबा', असा आहे.

घरच्या घरी पंधरा मिनिटे

जेवणानंतर लगेच मर्दन करू नये. करणाऱ्याने अंगठ्या व बांगड्या काढून हात स्वच्छ धुवावेत. थंडीत तिळाचे आणि उन्हाळ्यात खोबरेल तेल चालते. तेल कोमट करून आधी स्वतःच्या मनगटावर पाहावे. बाजारातील मलम आणावयाचे असेल तर वेष्टनावरील घटक वाचावेत. काही मलमांत मधमाश्यांचे मेण किंवा लोकरीतून काढलेला स्निग्ध पदार्थ असतो.

ज्याला मर्दन करावयाचे त्याने टेबलावर हातांची घडी घालून त्यावर कपाळ टेकावे. प्रथम उघड्या तळहाताने मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा संथपणे हात फिरवावा. नंतर अंगठा आणि चार बोटे यांमध्ये खांद्याचा उतार धरून, कणीक मळावी तसा दाबावा आणि सोडावा. दुखरी गाठ लागली तर तिच्यावर अंगठा ठेवून, सोसवेल एवढ्याच दाबाने, चार-पाच दीर्घ श्वास होईपर्यंत थांबावे. दाब मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर द्यावा. मणक्यावर देऊ नये. गळ्याची पुढची बाजू मुळीच दाबू नये. जबड्यासाठी तोंड किंचित उघडे ठेवून कानापुढच्या भागावर बोटांच्या अग्रांनी हलकी वर्तुळे काढावीत.

शेवटी तळपाय. महाराष्ट्रातील घरांत काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची रीत आहे आणि तिने खरोखर स्वस्थ वाटते. पायावर उमटणारा काळसर रंग म्हणजे बाहेर पडलेली उष्णता, अशी समजूत आहे; वस्तुतः तो धातू, तेल आणि घाम यांच्या संयोगाने होतो. तेलकट पायांनी फरशीवर चालू नये. मर्दनानंतर पाच मिनिटे डोळे मिटून स्वस्थ पडावे, मग कोमट पाण्याने स्नान करावे.

घरी मदतीला कोणी नसेल, तर भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हळूहळू सरकावे. गादीवर बसणाऱ्याने दर तासाला उठून खांदे फिरवावेत. रोज नवा ताण साठत राहिला तर रात्रीचे मर्दन पुरे पडत नाही.

येथे हात थांबावा

प्रत्येक खांदेदुखी ताणाची नसते. छातीत दडपण, डावा खांदा, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, त्याबरोबर घाम, मळमळ वा धाप, अशी लक्षणे दिसली तर बाम लावण्यात एक क्षणही घालवू नये. ते हृदयाचे संकट असू शकते. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. "आज माल उतरायचा आहे, उद्या दाखवू" हे वाक्य अशा वेळी फार महाग पडते.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर ती चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर यांनंतर हे विशेष लक्षात ठेवावे. हाताला मुंग्या येऊन बळ कमी होणे, कंबरदुखीबरोबर लघवीवरील ताबा जाणे, दुखण्याबरोबर ताप असणे, ही डॉक्टरकडे जाण्याची कारणे आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना आणि हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना जोराचा दाब देऊ नये. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर गरम तेलाने भाजलेले त्यांना कळतही नाही.

केशकर्तनालयात चंपीच्या शेवटी मानेला हिसका देऊन 'कडाका' काढण्याची प्रथा आहे. ती कटाक्षाने टाळावी. अशा हिसक्याने क्वचित मानेतील रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. "मान मोडू नका" एवढे आधीच सांगितले तर कोणाचा अपमान होत नाही. दुखणे वरचेवर येत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे जावे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल आणि कशातच मन रमत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

मराठी घरात तान्ह्या बाळाला रोज मालीश होते, बाळंतिणीला होते, दिवाळीच्या पहाटे सर्वांना तेल-उटणे लागते. वर्षाचे उरलेले दिवस मात्र मोठ्यांच्या अंगाला हात लागत नाही. त्यातही गादीवरच्या माणसाची मान एखादे वेळी कोणीतरी चेपून देते. पहाटेपासून उभी असणारी, सासऱ्यांचे पाय चेपणारी, नातवाला तेल लावणारी जी गृहिणी असते, तिच्या खांद्यांची विचारपूस कोणी करीत नाही. मार्चअखेरचा ताळेबंद पूर्ण झाल्यावर एका संध्याकाळी तेलाची वाटी तिच्यासाठी कोमट व्हावी. तिची बाकी पुष्कळ दिवसांची थकली आहे.