वहीत उतरलेला नाच

काल महिला दिन झाला. भाषणे झाली, गुलाबाची फुले वाटून झाली, शुभेच्छांचे तेच ते संदेश पुढे ढकलून झाले. आज ९ मार्च. आज ज्या बाईंची जयंती आहे त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर गेलेले नसेल. फिलिपाइन्सच्या फ्रान्सिस्का रेयेस-अकिनो. जन्म १८९९चा, मनिलाच्या उत्तरेला असलेल्या बुलाकान प्रांतातला. १९६२ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मराठी वाचक हा पुरस्कार विनोबा आणि बाबा आमटे यांच्यामुळे ओळखतो. फ्रान्सिस्काबाईंना तो मिळाला शासकीय सेवेसाठी, आणि ती सेवा होती लोकनृत्यांची. नाच ही सरकारी चाकरी कशी होऊ शकते, असा प्रश्न कोणाला पडला तर तो रास्तच. त्याच्या उत्तरात आपल्या कामाचे बरेच काही आहे.

तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता सोसल्यावर १८९८ मध्ये हा द्वीपसमूह अमेरिकेच्या हाती गेला. इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा निघाल्या, शाळांत व्यायामाचा तास आला आणि त्या तासाबरोबर परदेशी खेळ व परदेशी नाचही आले. गावोगावी सुगीला, लग्नाला, संतांच्या जत्रेला लोक नाचत होते ते वेगळेच. पण शिकल्या-सवरल्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. फिलिपाइन्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या फ्रान्सिस्काबाईंनी हेच नाच आणि खेळ एम.ए.च्या प्रबंधाला घेतले. तो १९२६ साली पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी छापला गेला. विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी १९३४ मध्ये लोकगीते आणि लोकनृत्ये गोळा करण्यासाठी समिती नेमली. मग फ्रान्सिस्काबाई, त्यांचे सहकारी रॅमोन तोलेंतिनो आणि संगीतकार आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा आडगावे पालथी घालू लागले. म्हाताऱ्या माणसांना नाचायला लावायचे, पावले टिपायची, सूर लिपीत उतरवायचे.

हे टिपणे म्हणजे काय, ते ‘तिनिक्लिंग’वरून कळते. लेते बेटावरच्या या नाचाला नाव मिळाले ते तिकलिंग या पाणथळीतल्या लांब पायांच्या पक्ष्यावरून. भातखाचरात लावलेले सापळे चुकवत तो जसा चालतो, तसे नाचणाऱ्याने चालायचे. जमिनीवर दोन आडवे ओंडके, त्यांवर दोन लांब बांबू, दोन्ही टोकांना बांबू धरून बसलेली माणसे. ताल तीन मात्रांचा. बांबू दोनदा ओंडक्यावर आपटायचे, तिसऱ्या मात्रेला एकमेकांवर. आपटताना अनवाणी पाय आत, बांबू मिटताना बाहेर. मात्रा चुकली की घोट्यावर फटका ठरलेला. मिझोरमचा चेराव पाहिलेल्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. फ्रान्सिस्काबाईंच्या पुस्तकांत अशा नाचांचे पोशाख, रांगेची मांडणी, कोणत्या मात्रेला कोणते पाऊल आणि हात कुठे, असे सगळे क्रमाने येते, सोबत पियानोवर वाजवता येईल अशी स्वरलिपी. ज्या शिक्षिकेने लेते बेट कधी पाहिले नाही, तिलाही पुस्तक उघडून मुलांना नाच शिकवता यावा, एवढा हा हिशेब चोख होता. पुढे बाई शिक्षण खात्यात शारीरिक शिक्षणाच्या अधीक्षक झाल्या आणि वहीतला नाच पटांगणात पोचला. सरकारी चाकरी म्हणतात ती ही.

शाळेनंतर रंगमंच. मनिलाच्या फिलिपाइन विमेन्स युनिव्हर्सिटीत १९५७ मध्ये हेलेना बेनितेझ यांनी ‘बायानिहान’ हा नृत्यसंघ उभा केला. नृत्यदिग्दर्शन होते लुक्रेसिया रेयेस-उर्तुला यांचे. दुसऱ्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या संघाने नाव काढले आणि १९५९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाचला. गावातला नाच रात्रभर चालतो; उर्तुलाबाईंनी तो मोजक्या मिनिटांत बसवला, प्रदेशवार गुच्छ बांधले, वेग वाढवला, प्रेक्षकाची नजर कुठे ठरावी ते ठरवले. यातला गाजलेला नाच ‘सिंगकिल’. मिंदानाव बेटावर लानाव सरोवराभोवती राहणाऱ्या मारानाव या मुस्लिम समाजाचा. हातात पंखे घेतलेली राजकन्या एकमेकांना छेदणाऱ्या बांबूंमधून खाली न बघता चालत जाते. तिचे धागे मारानावांच्या ‘दारांगेन’ या महाकाव्याशी जोडलेले आहेत. घरंदाज बायकांच्या या नाचात बायानिहानने राजपुत्र आणला, त्याच्या हाती ढाल-तलवार दिली. प्रेक्षक खूश झाले. मारानावांतले जाणते लोक आणि अभ्यासक मात्र नाखूश होते. हा आमचा नाच नव्हे, असे ते आजही म्हणतात.

हा आक्षेप ज्यांनी कृतीत आणला ते रॅमोन ओबुसान. तेही आधी बायानिहानमध्येच नाचले. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःचा संघ काढला. ध्वनिमुद्रणे, चित्रफिती, पोशाख, वाद्ये असा मोठा संग्रह जमवला आणि नाच जिथला आहे तिथल्या लोकांनाच मनिलाच्या रंगमंचावर आणले. प्रेक्षकाला कंटाळा आला तरी चालेल, पण नाच ओळखू यायला हवा, अशी त्यांच्या कामाची रीत.

तिसरी वाट बॅलेवाल्यांची. लेओनोर ओरोसा-गोकिंगको यांनी देशी कथा आणि देशी हालचाली बॅलेच्या शिस्तीत आणल्या. ॲलिस रेयेस यांनी १९६९ मध्ये पुढे ‘बॅले फिलिपाइन्स’ म्हणून नावारूपाला आलेल्या संघाचा पाया घातला. त्यांचा १९८०चा ‘रामा, हरी’ तर रामायणावरचाच. संगीत रायन कायाब्याब यांचे, शब्द बिएनव्हेनिदो लुंबेरा यांचे. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशात राम-सीता बॅले आणि रॉकच्या अंगाने उभे राहिले आणि लोकांनी ते आपले मानले. दावावच्या ॲग्नेस लॉक्सिन यांनी डोंगरी जमातींच्या हालचालींचा अभ्यास करून आधुनिक नृत्याची नवी भाषा घडवली.

आता गंमत पाहा. फिलिपाइन्समध्ये ‘राष्ट्रीय कलावंत’ हा कलेतला सर्वोच्च सन्मान. नृत्यासाठी तो पहिल्यांदा १९७३ मध्ये फ्रान्सिस्काबाईंना मिळाला. मग १९७६ मध्ये गोकिंगको, १९८८ मध्ये उर्तुला, २००६ मध्ये ओबुसान, २०१४ मध्ये ॲलिस रेयेस आणि २०२२ मध्ये लॉक्सिन. सहा जणांत पाच बाया. त्याहून महत्त्वाचे हे की नाच लिहून ठेवणारी, तो बदलणारी, त्या बदलावर बोट ठेवणारा आणि त्यातून वेगळेच काही घडवणाऱ्या अशा सगळ्यांना देशाने एकाच पंगतीला बसवले. खरे कोण आणि खोटे कोण, असा निवाडा केला नाही. तो न करणे त्यांना परवडले, कारण बहुतेक वादांत जुनी नोंद हाताशी होती. सिंगकिलमध्ये राजपुत्र नंतर आला हे दाखवता येते म्हणून उर्तुलाबाईंची कल्पकता कल्पकता ठरते. नाहीतर तीच बनवाबनवी ठरली असती. नोंदीचेही तोटे आहेतच. दहा गावांत दहा तऱ्हांनी होणारा नाच छापला जातो एकाच तऱ्हेने, आणि मग शाळांना तीच तऱ्हा अस्सल वाटू लागते. म्हणून तर फ्रान्सिस्काबाईंच्या मागोमाग ओबुसान लागतात.

आपल्याकडे लावणी फडातली खरी की दूरचित्रवाणीवरची, यावर दर काही वर्षांनी रणधुमाळी होते. तारपा शासकीय सोहळ्यांत पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहतो, गोव्यातले धालो आणि फुगडी स्पर्धेच्या घड्याळात बसवली जातात. बदल होणारच, आणि त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला या वर्षीच्या स्नेहसंमेलनात गजी नृत्य बसवायचे असेल, तर ती कोणते पुस्तक उघडेल? अभ्यासकांचे ग्रंथ आहेत, कौतुकाचे लेख आहेत, मोबाइलवर चित्रफितींचा तर पूर आहे. पण कोणत्या मात्रेला कोणता पाय, ढोलाचा बोल कोणता, रुमाल कोणत्या हातात, हे सोप्या मराठीत सांगणारे पुस्तक तिच्या कपाटात हवे.

हे काम पुरस्कारांनी आणि महोत्सवांनी होत नाही. त्याला पायपीट करणारी दोन-चार माणसे, सूर टिपणारा एक जाणकार आणि त्यांना काही वर्षे न छळणारे एक विद्यापीठ लागते. गावातली जाणती माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून, त्यांचे नाव आणि मोबदला देऊन, हे उतरवून घ्यायला हवे. त्यानंतर ज्याला नाच बदलायचा त्याने खुशाल बदलावा. फक्त काय बदलले ते कार्यक्रमपत्रिकेवर छापावे. मग वाद घालायलाही मजा येईल.