चव्हाट्यावरची लाज आणि ख्रिस्ती सेवा

ख्रिस्ती सेवकांच्या प्रशिक्षणात गेली काही दशके एक विचार चांगलाच रुजला आहे. पाश्चात्त्य माणूस अपराधाच्या जाणिवेने पोळतो, आशियातला माणूस लोकलाजेने. म्हणून इथे सुवार्ता सांगायची ती पापक्षमेपेक्षा मानसन्मानाच्या भाषेत सांगावी आणि लोकांच्या अब्रूच्या कल्पनांना सेवकाने शक्यतो धक्का लावू नये, असा हा विचार. त्याचे मूळ रूथ बेनेडिक्ट यांच्या जपानवरील 1946 सालच्या पुस्तकापर्यंत जाते, आणि ते पुस्तक युद्धकाळात, जपानात पाऊल न टाकता केलेल्या अभ्यासावर उभे होते. या विचारात तथ्य नाही असे नाही. ‘चार लोक काय म्हणतील’ या एका धाकापायी आपल्याकडे मुलींच्या शाळा सुटतात, आजार लपवले जातात, मारझोड सोसली जाते. हे निदान मला मान्य आहे. त्यावरचा उपचार मुळीच मान्य नाही. लोकलाज म्हणजे काही इथले हवापाणी नव्हे. ती कोणीतरी चालवत असते, तिच्यात कोणाचा तरी फायदा असतो, आणि दंड भरणारे बहुतेक वेळा तेच ते असतात.

ती कशी चालवली जाते याचा लख्ख नमुना पुण्यात आहे. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक दोघेही तिथे होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता यजमानांचा मान राखला. गोपाळराव जोशी यांनी पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात छापली आणि चहाचे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते मित्रांची कोंडी सुटावी म्हणून. त्यासाठी सुधारकांचे बोल सोसले ते वेगळेच. त्या चहाने कोणाचे वाईट झाले नव्हते. यादी छापली जाईपर्यंत त्यात लाजण्यासारखे कोणाला काही वाटलेही नव्हते. छापील यादीने लाज निर्माण केली आणि मग तीच लाज धर्मरक्षण म्हणून मिरवली. भ्रमणध्वनीवरची चित्रफीत आज हेच काम घटकाभरात करते.

अशा यंत्रणेशी जुळवून घ्या, हा सल्लाही नवा नाही. 1606 साली मदुराईत आलेल्या रॉबर्टो द नोबिली या येशूसंघीय धर्मगुरूने संन्याशाची वस्त्रे घेतली, उच्चवर्णीयांचे आचार पाळले आणि किनाऱ्यावरच्या परवा जातीच्या ख्रिस्ती समाजापासून स्वतःला वेगळे ठेवले. त्याची विद्वत्ता आणि तमिळवरचे प्रभुत्व यांबद्दल मला आदर आहे. पण प्रतिष्ठितांना जिंकण्यासाठी त्याने प्रतिष्ठेची उतरंड तशीच राहू दिली, आणि पुढे खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू नेमावे लागले. दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असा विषय निघताच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात हे कळले तर बाईंची पत जाईल. रमाबाईंनी उलट कळवले की आईने किंवा आपण तरुणांना शिकवण्याला ना वडिलांची हरकत होती ना पतीची; ती आता इंग्रजांची निघावी याचेच नवल वाटते. स्थानिक लोकलाजेचा मान राखायला निघालेल्या बिशपांना त्या समाजातली एक बाई सांगत होती की माझ्या घरात ही लाज नव्हती. संस्कृतीचा आदर म्हणून जे पुढे केले जाते ते अनेकदा त्या संस्कृतीतल्या सर्वांत भित्र्या मंडळींचे मत असते, आणि ते ज्याच्या सोयीचे असते तो ते लगेच उचलतो.

शुभवर्तमान याच्या नेमके उलट्या बाजूला उभे आहे. वधस्तंभ हा रोमन साम्राज्यात विशेषतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचा दंड होता. नुसता जीव घ्यायचा असता तर सोपे मार्ग होते. वधस्तंभ रहदारीच्या जागी, उघड्या देहाने, लोकांनी पाहावे म्हणून उभारला जाई. रोममध्ये पॅलाटिन टेकडीवरच्या एका भिंतीवर जुने कोरलेले चित्र सापडले आहे. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि शेजारी वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत मजकूर, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. ख्रिस्तावरच्या विश्वासाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक हे टवाळीचे आहे. ज्याची पूजा केल्याबद्दल एका साध्या माणसाची टवाळी झाली, त्याचा संदेश प्रतिष्ठेच्या नव्या शिडीसारखा विकता येत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीत मागून येऊन चोरून वस्त्राला शिवते आणि बरी होते. तिला तसेच जाऊ देणे सभ्यपणाचे दिसले असते. येशू गर्दी थांबवतो, तिला बोलू देतो आणि सर्वांसमोर मुलगी म्हणून हाक मारतो. शरीर गुपचूप बरे झाले होते, पण तिचा विटाळ गावाने उघड्यावर ठरवला होता. तो उघड्यावरच पुसायला हवा होता.

रमाबाईंचे काम मला याच अर्थाने सुवार्तेचे वाटते. विधवेचे केशवपन म्हणजे बाईच्या देहावर कोरलेला जाहीर दंड. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत अशा विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला, तेव्हा कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली आल्या, आणि समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायांसाठी कृपा सदनही निघाले. या बायांना नव्या प्रतिष्ठेचे प्रवचन मिळाले असेल-नसेल. हाताला काम नक्की मिळाले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर केडगावच्या छापखान्यात छापले गेले. खिळे जुळवणाऱ्या हातांत अशा स्त्रिया होत्या ज्यांचे तोंड पाहणेही अशुभ मानले जाई. त्यांना कोणी आधी कुलीन ठरवून घेतले नव्हते. त्यांच्या शेजारी राहायला आलेली बाई स्वतः धर्मबुडवी म्हणवली जात होती, आणि तिने ते नाव चुकवले नाही.

यावर गंभीर आक्षेप असा की लाज गेली तर धरबंध सुटेल. शिवाय दुर्बलाच्या हातात बलवानाविरुद्ध तेवढे एकच हत्यार असते. पीडित स्त्रीने अत्याचाऱ्याचे नाव उघड घेतले तर तीही लाज काढणेच नाही का? माझ्या मते नाही. तिथे घडलेला अन्याय असतो, पुरावा असतो, जाब विचारायला एक ठरावीक माणूस असतो. धिंडीला यातले काही लागत नाही. तिला फक्त प्रेक्षक लागतात. आणि खरे सांगायचे तर लोकलाजेने अत्याचाऱ्याला क्वचितच आवरले आहे. 2002 मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतातली प्रकरणे वर्तमानपत्राने बाहेर काढली तेव्हा दिसले की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंची एका ठिकाणाहून दुसरीकडे बदली होत राहिली, कारण चर्चची अब्रू जपायची होती. तिथे लाज भरपूर होती. तिनेच मुलांना गप्प केले.

म्हणून हत्यार आधी आपल्या हातातून खाली ठेवले पाहिजे. पाप कबूल करणे हे मंडळीत हवेच. पण लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला सर्वांसमोर उभे करायचे आणि मुलाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही जातपंचायतच, फक्त प्रार्थनेने सुरू होणारी. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. जातपंचायतींविरुद्धच्या त्या लढ्यात अंधश्रद्धा निर्मूलन समिती आघाडीवर होती. जी गोष्ट आपल्या ग्रंथाच्या गाभ्यात आहे तिच्यासाठी रस्त्यावर येण्यात ख्रिस्ती मंडळींनी याहून अधिक पुढे असायला हवे होते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. धर्मांतर करणारा स्वतःच्या इच्छेने लाज पत्करतो, पण ती घरच्यांवरही लादतो. त्यांनी काय केले होते? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला 1900 मध्ये. मधली वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या निर्णयाचा दंड भरला, आणि त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते विसरता येत नाही. याला उत्तर म्हणून विवेकाचे स्वातंत्र्य सांगितले जाते. ते खरे आहे, मला ते हवेच आहे, पण अपुरे आहे. दंड अन्यायी समाजाने लावला असला तरी तो कोणावर पडणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तेव्हा बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव चढले की पाळकाचे काम संपत नाही. ज्या घरातून तो माणूस आला, तिथे मागे राहिलेल्या आईकडे, बायकोकडे, लग्न अडलेल्या बहिणीकडे त्याने जायला हवे. ती कधीही ख्रिस्ती होणार नसली तरी. तिथे शिव्या मिळतील, कदाचित दार लावून घेतले जाईल. पुन्हा जायला हवे, आणि तिला लागेल ती मदत बाप्तिस्म्याचा विषय न काढता करायला हवी.